खोडदच्या तबकड्यांमधला पायथागोरस

आंबेगाव तालुक्यातल्या लोणीकडून जुन्नरच्या बाजूला निघालं, की खोडदजवळ शेतांच्या पलीकडे आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड जाळीदार तबकड्या दिसू लागतात. ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती १९९०च्या दशकात उभी राहिली. एकूण तबकड्या ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळांच्या सहली इथे येतात. त्या मुलांनी दप्तरातलं गणिताचं पुस्तक सोबत आणावं असं मला फार वाटतं, कारण त्यातल्या आकृत्या इथे पोलादात उभ्या आहेत.

एकच तबकडी घेऊ. तिचं तोंड सरळ वर आहे असं समजा. तिचा आकार अन्वस्ताचा, म्हणजे आलेखकागदावर य = क्ष² सारखं समीकरण काढलं की जो वक्र मिळतो, त्या जातीचा. आकाशातून आलेल्या लहरी पृष्ठभागावर आपटून वरच्या एका बिंदूत, नाभीत, गोळा होतात. ही नाभी तबकडीच्या तळापासून १८.५४ मीटर उंच आहे. त्रिज्या २२.५ मीटर. त्रिज्येच्या वर्गाला नाभीच्या उंचीच्या चौपटीने भागलं की तबकडीची खोली मिळते: ६.८३ मीटर.

आता दोन किरण बघा. दोघे एकाच क्षणी तबकडीच्या काठाच्या पातळीला पोचले. मधला किरण ६.८३ मीटर खाली तळाशी गेला आणि तिथून १८.५४ मीटर वर नाभीत आला. एकूण २५.३७ मीटर. काठावरचा किरण काठालाच आपटून थेट नाभीकडे वळला. त्याची वाट म्हणजे एका काटकोन त्रिकोणाचा कर्ण. पाया २२.५, उंची १८.५४ वजा ६.८३, म्हणजे ११.७१. वर्गांची बेरीज सुमारे ६४३.४, आणि तिचं वर्गमूळ?

२५.३७.

मधला कुठलाही किरण घ्या, उत्तर तेच. वाटा वेगळ्या, लांबी एकच. म्हणून सगळ्या लहरी नाभीत एकाच वेळी पोचतात आणि एकमेकींचं बळ वाढवतात. हा हिशेब मी वहीत कितीदाही मांडला तरी ते दोन आकडे जुळताना अंगावर काटा येतो.

तबकडी जाळीची का, हे गुणोत्तर सांगतं. भोकं एक-दोन सेंटिमीटरची आणि टिपायच्या लहरी २१ सेंटिमीटरपासून थेट दोन मीटरपर्यंतच्या. एवढ्या लांब लहरींना ती भोकं जाणवतच नाहीत. वारा मात्र आरपार जातो, वजनही वाचतं.

पण बारीक तपशील दिसायला ४५ मीटर अपुरे पडतात. दुर्बिणीची नजर किती तीक्ष्ण, हे लहरीची लांबी आणि दुर्बिणीची रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरतं. २१ सेंटिमीटरला ४५ मीटर, म्हणजे साधारण १ : २१४. म्हणून १४ तबकड्या मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात ठेवल्या आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर. प्रत्येक हात सुमारे १४ किलोमीटरचा. हातांमधले कोन १२० अंशांचे धरले, तर दोन टोकांमधलं अंतर १४ गुणिले √३, म्हणजे २४ किलोमीटरांहून थोडं जास्त. प्रत्यक्षातलं सर्वांत लांब अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. आता गुणोत्तर होतं १ : १,१९,०००. एक सेंटिमीटरचा मणी सव्वा किलोमीटरवरून जेवढा दिसेल, तेवढा बारकावा!

तबकड्यांच्या जोड्या किती होतात? ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. प्रत्येक जोडी आलेखावर एकेक बिंदू देते: तिचं अंतर किती आणि दिशा कोणती. त्यात पृथ्वी फिरते. ताऱ्याकडून पाहिलं तर जोडीची दिशा आणि अंतर सतत बदलतं, त्यामुळे तो बिंदू सरकत सरकत लंबवर्तुळाचा कंस काढतो. काही तासांत ४३५ कंसांनी कागद भरत जातो आणि त्यातून संगणक चित्र उभं करतो. पृथ्वीच्या फिरण्याचा इतका सुंदर उपयोग मला दुसरा माहीत नाही.

आता हायड्रोजन. या वायूचे अणू २१ सेंटिमीटरची लहर सोडतात, विश्वात कुठेही. २०२३ साली जाहीर झालेल्या एका संशोधनात जीएमआरटीने एका अतिदूर दीर्घिकेतल्या हायड्रोजनची खूण पकडली. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने ती ठळक केली होती. निघताना लहर २१ सेंटिमीटरची होती, खोडदला पोचली तेव्हा ४८ सेंटिमीटरची. वाटेत तिला सुमारे ८८० कोटी वर्षं लागली आणि तेवढ्या काळात विश्व पसरत गेलं, लहरही सोबत ताणली गेली. किती पट? ४८ ला २१ ने भागा. २.२९ येतात, आणि विश्वही तेव्हापासून तितक्याच पटीने पसरलं आहे.