डावं पायडल आणि अपसव्य

वडिलांच्या वर्षश्राद्धाला गुरुजी म्हणाले, "अपसव्य करा." मी जानवं डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतलं. दोन मंत्र होतात न होतात तोच, "सव्य करा." पुन्हा डावीकडे. देवांचं सव्यानं, पितरांचं अपसव्यानं, आणि दोघांचंही आलटून पालटून चाललेलं. रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करताना आपण ज्याला कावून 'सव्यापसव्य' म्हणतो, तो शब्द या पाटावरून उठून गेलाय.

गंमत पुढेच आहे. संस्कृतात सव्य म्हणजे चक्क डावा. डाव्या हातानंही बाण सोडायचा म्हणून अर्जुन सव्यसाची. जानवं डाव्या खांद्यावर, म्हणून ते सव्य. पण ही झाली रोजची, शुभकार्याची रीत. त्यामुळे मराठीत सव्य म्हणजे सुलट होऊन बसलं, आणि आपल्याकडे सुलट ते उजवं! सव्य प्रदक्षिणा म्हणजे देव उजव्या हाताला ठेवून घातलेली. डावा शब्द वळसा घालून उजवीकडे आला तो असा.

'प्रदक्षिणा' मात्र सरळ बाईमाणूस. दक्षिण म्हणजे उजवा. उगवतीला तोंड करून उभं राहा. उजवा हात जिकडे, ती दक्षिण दिशा. घड्याळाचे काटेही प्रदक्षिणेच्याच अंगानं फिरतात, कारण घड्याळं घडवणारे उत्तर गोलार्धातले आणि त्यांच्या सूर्यघड्याळांवरची सावली तशीच सरकायची.

मला 'अपसव्य' हा शब्द भेटला तो मात्र नानांच्या, म्हणजे वडिलांच्या, सायकल दुकानात. बारा वर्षांचा असेन. एका हर्क्युलसचं डावं पायडल काढायला सांगितलं. मी नेहमीसारखा पाना लावला, लोंबकळलो, तर ते आणखीच आवळत गेलं. नाना पंक्चर काढता काढता हसले. "अरे, त्याचं अपसव्य असतं!" डाव्या पायडलला उलटे आटे असतात. सुलटे दिले तर सायकल चालवता चालवता पायडल सैल होऊन निघून येईल. सव्य-अपसव्याचा याहून सोपा पाठ मला पुढे कुठल्या पोथीत सापडला नाही.

पिंडांवर पाणी सोडायच्या आधी गुरुजींनी पुन्हा "अपसव्य" म्हटलं, तेव्हा माझी मूठ आपसूक वळली, पायडल सोडवायला पाना वळतो तशी.

"अहो, खांदा, खांदा," गुरुजी म्हणाले.