माळावरचे दगडी क्रूस

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, डार्टमूर नावाचे सुमारे ९५० चौरस किलोमीटरचे उंच माळरान आहे. झाडे विरळ, धुके नेहमीचे. मठामठांतून ये-जा करणाऱ्यांना वाट सापडावी, जमिनीची हद्द कळावी म्हणून मध्ययुगात येथे ग्रॅनाइटचे क्रूस उभारले गेले. त्यांपैकी 'सिवर्डचा क्रूस' १२४० सालच्या हद्दपाहणीत नोंदलेला आहे. म्हणजे पावणेआठशेहून अधिक वर्षे तो पाऊस खात उभा आहे.

ग्रॅनाइट इतका टिकाऊ, मग त्याला जपायचे कशासाठी? ग्रॅनाइटमधील फेल्डस्पारची पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्याशी अभिक्रिया होऊन चिकणमाती बनते. फटीत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि फट रुंदावते. पण ही कामे फार संथ चालतात. घाई असते ती पायथ्याशी. उघड्या माळावर गुरांना अंग घासायला दुसरे काही नसतेच! त्यांच्या खुरांनी भोवतालची माती उकरली जाते, खळग्यात पाणी साचते आणि क्रूस कलतो. तेथे दगडगोटे व माती भरून जमीन पूर्ववत करणे हा साधा आणि खरा उपाय.

दगडावरची करडी-पिवळी शैवाके (आपल्या मसाल्यातले दगडफूल याच गटातले) पाहून घासून काढण्याचा मोह होतो. आम्हा दगडांचा अभ्यास करणाऱ्यांना याची धास्ती वाटते. तारेच्या ब्रशाने शैवाकांबरोबर दगडाचे कणही सुटतात आणि पुसट अक्षरे कायमची जातात.

दुरुस्तीही जपूनच करावी लागते. सिवर्डचा क्रूस एकोणिसाव्या शतकात मोडला तेव्हा तो लोखंडी पट्ट्यांनी जोडला. लोखंड गंजले की त्याचे आकारमान वाढते, आणि दगडात बसवलेला तुकडा पाचरीसारखा काम करतो. म्हणून आता न गंजणारे पोलाद वापरतात, आणि कडक सिमेंटऐवजी चुना.

यातील अनेक क्रूस १९७९च्या कायद्याने संरक्षित आहेत. परवानगीवाचून दुरुस्तीसुद्धा करता येत नाही. त्याआधी मात्र शेतकऱ्यांनी कित्येकांचे हात छाटून फाटकाचे खांब केले होते. असा खांब ओळखता येतो, पण तो पूर्वी ज्या खाचेत बसवला होता तो पायाचा दगड सापडला नाही, तर त्याची मूळ जागा ठरवणे कठीण जाते.