नाक्यावरचा जुना तक्ता

(पत्त्याची गोष्ट : लेखांक ७)

आंतरजालावरील पत्त्याच्या अखेरीस बिंदूनंतर जे शेपूट येते, ते कोणाच्या अनुज्ञेने निर्माण होते आणि त्याची मूळ नोंदवही कोणाच्या ताब्यात असते, याचा विचार आपण गेल्या लेखांकात केला. परंतु मूळ नोंदवहीत नाव चढले की ते गावोगावी आपोआप मान्य होते, असे ज्याला वाटत असेल, त्याने उभ्या आयुष्यात एखाद्या कचेरीत अर्ज घेऊन रांग धरली नसावी.

नाशकात रविवार कारंज्यानजीक राहणारे आमचे एक स्नेही व्यवसायाने छायाचित्रकार आहेत. धंद्याला साजेसे म्हणून त्यांनी '.फोटोग्राफी' या अकरा रोमन अक्षरांच्या शेपटाचे नाव रीतसर पैसे भरून घेतले, त्यावर ई-मेल सुरू केला, आणि देशोदेशींची पत्रे त्या पत्त्यावर बिनचूक येऊ लागली. मात्र एका कंपनीचा अर्ज संगणकावर भरताना 'कृपया वैध ई-मेल पत्ता लिहा' अशी तांबडी ओळ पुनःपुन्हा उमटू लागली, तेव्हा ते त्या कंपनीच्या शाखेत गेले. खिडकीतल्या तरुणाने अत्यंत सौजन्याने सल्ला दिला, "काका, जीमेलचा असेल तर द्या ना."

या सल्ल्यात दुष्टावा नव्हता, आणि त्या अर्जाची आज्ञावली लिहिणाराही दुष्ट नसावा. १९८४ साली 'कॉम', 'ऑर्ग', 'एज्यु' ही घराणी ठरली तेव्हा ती तीन अक्षरी होती आणि देशांची चिन्हे दोन अक्षरी, म्हणून 'शेवटी दोन किंवा तीन अक्षरे असावीत' असा तपासणीचा दंडक प्रोग्रामरांत रूढ झाला. २००१ मध्ये '.इन्फो' आले, ते रोमन लिपीत चार अक्षरी, म्हणून कोणी दंडक 'दोन ते चार' असा सैल केला. आणि गंमत अशी की, त्याच तुकडीत सहा अक्षरांचे '.म्युझियम'ही आलेले होते, त्याची दखल घेण्याचे राहूनच गेले. पुढे २०१२ मध्ये नव्या शेपटांसाठी अर्ज मागविण्यात आले, ते १९३० इतके दाखल झाले, आणि २०१३ च्या ऑक्टोबरात मंजूर नावे मूळ नोंदवहीत चढू लागली, त्यांत अगदी पहिली अरबी, रशियन आणि चिनी लिपींतली होती. आज शेपटांची एकूण संख्या चौदाशेंच्या वर आहे, तरी कित्येक अर्जांच्या तोंडाशी बसलेला कारकून अजून तोच जुना तक्ता पुढ्यात घेऊन बसला आहे. येथली जकात उठल्यालाही आता दशक उलटले. पण जकात नाक्यावरच्या एखाद्या कारकुनापाशी त्या काळी राज्यातील गावांची वीस वर्षांपूर्वीची यादी असती आणि यादीत नसलेल्या गावचा माल त्याने परत पाठविला असता, तर जे झाले असते, तेच येथे होत आहे.

देवनागरीच्या बाबतीत प्रकरण अधिक नाजूक होते. '.भारत' हे शेपूट २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'निक्सी' या संस्थेने खुले केले, आणि हिंदीबरोबर मराठीलाही ते त्याच दिवशी मिळाले. यंत्राच्या सोयीसाठी पडद्यामागे त्याचे 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असे रोमन सोंग होते, आणि ते सोंग आतच राहावे ही अपेक्षा असते. पण पुष्कळ ठिकाणी तेच बाहेर येऊन वाचकाला दचकवते. त्याहून मासलेवाईक चूक दुसरीच आहे. 'नावात केवळ अक्षरे असावीत' असा नियम घालणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही की, संगणकाच्या वर्णमालेत काना, मात्रा, वेलांटी यांची गणना अक्षरांत होत नाही, ती स्वतंत्र चिन्हे मानली जातात. सबब 'नाशिक' हा शब्द अशा दारातून जाऊ लागला की न, श, क यांना प्रवेश मिळतो आणि काना व वेलांटी यांची अडवणूक होते. ज्या गावाचे नावच शूर्पणखेच्या कापलेल्या नाकावरून पडले असे परंपरा सांगते, त्या गावाचा काना कापला जावा, यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही.

हा प्रश्न शास्त्राचा राहिलेला नाही. रोमनेतर लिपींतील ई-मेलचे नियम २०१२ मध्येच प्रसिद्ध झाले आणि २०१४ पासून गूगलची टपालसेवा असे पत्ते ओळखू लागली. राजस्थान सरकारने २०१७ मध्ये आपल्या नागरिकांना 'राजस्थान.भारत' या नावावर हिंदी पत्ते देऊ केले. २०२७ च्या सिंहस्थासाठी जयपूरचा एखादा यात्रेकरू पंचवटीतील खोली राखून ठेवू पाहील आणि आपला सरकारमान्य पत्ता लिहील, तेव्हा येथल्या लॉजचा अर्ज त्याला काय म्हणेल, हे आजच तपासून पाहण्यासारखे आहे.

खरी अडचण कळविण्याची आहे. ज्याचे नुकसान होते त्याच्या हाती दुरुस्ती नाही, आणि ज्याच्या हाती दुरुस्ती आहे त्याला नुकसान दिसत नाही, कारण परत गेलेल्या अर्जाची नोंद सहसा कोणत्याही दफ्तरात होत नाही. २०१५ मध्ये 'सार्वत्रिक स्वीकृती'साठी एक जागतिक मंडळ स्थापन झाले, २०२३ पासून तिचा दिवसही पाळला जातो. पण दिवस पाळून नाक्यावरचा तक्ता बदलत नाही. 'तुमची साइट चालत नाही' एवढेच लिहिलेले पत्र कोणताही अधिकारी बाजूला सारील. म्हणून पत्रात आपला पत्ता, अर्जाचे पान, उमटलेली ओळ जशीच्या तशी, आणि त्याच पत्त्यावर इतरत्र पत्रे पोहोचतात याचा पुरावा, इतके तरी असावे. मागणीही मोजकी असावी: शेपटाची लांबी मोजू नका, तक्ता ठेवायचाच असेल तर मूळ नोंदवहीशी त्याची वरचेवर रुजुवात घाला, पत्ता खरा की खोटा याचा निवाडा त्यावर एक पत्र धाडून करा.

आमच्या छायाचित्रकार स्नेह्यांनी असे पत्र सिद्ध केले आणि त्याच कंपनीच्या तक्रार-पानावर चिकटविले. तेथेही प्रथम ई-मेल विचारण्यात आला, आणि तीच तांबडी ओळ पुन्हा उमटली. अखेरीस त्यांनी ते कागदावर छापून घेतले, शाखेत नेऊन दिले, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतला. शिक्क्याखाली तारीख आहे, सही वाचता येत नाही.

(क्रमशः)