सरकारी संकेतस्थळाचे कंत्राट देताना

विहीर मक्त्याने खोदावयास देणारा शेतकरी कामाला हात लागण्यापूर्वीच काही गोष्टी पक्क्या करून घेतो. मक्तेदाराने आसपासच्या शिवारात खोदलेल्या विहिरी तो स्वतः पाहून येतो. मुरुमाचा दर वेगळा व काळ्या पाषाणाचा दर वेगळा ठरवितो. मधूनमधून दोरी सोडून किती परस खोली झाली ते मोजतो. आणि शेवटचा हप्ता विहिरीत पाणी दिसेपर्यंत हातचा राखून ठेवतो. ह्यासाठी त्याला भूगर्भशास्त्र यावे लागत नाही. विहीर कशासाठी हवी आणि तिच्यावर किती जमीन भिजवावयाची एवढे त्याला ठाऊक असते, व तेवढे पुरते.

सरकारी कचेऱ्या आपली संकेतस्थळे नव्याने बांधून घेतात तेव्हा तोही एक मक्ताच असतो. फरक इतकाच की, येथे खोली डोळ्यांना दिसत नाही आणि दोरी कोणी धरावयाची हे पुष्कळदा ठरलेलेच नसते.

हा विषय शहरातील कचेऱ्यांचा आहे, शेतकऱ्याला त्याचे काय, अशी शंका कोणी घेऊ नये. सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, औजारांचे अनुदान, पीएम किसानचा हप्ता ही सर्व कामे आज संकेतस्थळावरून होतात. एक रुपयात पीकविमा देण्याची योजना राज्यात २०२३ च्या खरिपात प्रथम राबविली गेली, तेव्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. पेरणीच्या धांदलीत ज्याने सेवा केंद्रापुढे दोन-दोन दिवस काढले आहेत, त्याला संकेतस्थळाची क्षमता म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा कामाचे कंत्राट कसे बिघडते व बिघडलेले कसे सावरता येते, ह्याचा सर्वांत तपशीलवार दाखला अमेरिकेत मिळतो. तेथील केंद्र सरकारने आरोग्यविम्यासाठी जे संकेतस्थळ बांधले, त्याची पुढे सरकारी लेखापरीक्षकांनी कसून चौकशी केली व तिचे अहवाल प्रसिद्ध झाले. म्हणून ही हकिकत थोडी विस्ताराने पाहणे योग्य होईल.

अमेरिकेत २०१० साली आरोग्यविम्याचा नवा कायदा झाला. ज्या राज्यांनी स्वतःची व्यवस्था उभारली नाही, अशा ३६ राज्यांतील लोकांनी एकाच सरकारी संकेतस्थळावर येऊन विमा निवडावा, अशी योजना होती. मुख्य काम सप्टेंबर २०११ मध्ये सीजीआय फेडरल ह्या कंपनीस दिले गेले. १ ऑक्टोबर २०१३ रोजी संकेतस्थळ खुले झाले. लाखो लोक त्यावर लोटले. आणि पहिल्या दिवशी ज्यांची विमानोंदणी शेवटपर्यंत पार पडली, अशा माणसांची संख्या होती सहा.

पैसा कमी पडला म्हणून असे झाले नाही. सुरुवातीस सुमारे ५ कोटी ६० लक्ष डॉलरचे असलेले हे काम फेब्रुवारी २०१४ पर्यंत २० कोटी ९० लक्ष डॉलरच्या पुढे गेले होते. कंत्राटाचा प्रकारच असा होता की, कंपनीस जो खर्च येईल तो सरकारने भरून द्यावयाचा आणि वर तिचा मोबदला द्यावयाचा. काम नेमके किती व कसे हे आधी ठरले नसले म्हणजे असे कंत्राट करणे भाग पडते. पण मग मोजणीची दोरी सरकारच्या हातून क्षणभरही सुटता कामा नये. येथे ती सुटली. ज्यांना तसा अधिकार नव्हता अशा सरकारी नोकरांनी सुमारे ४० प्रसंगी कंत्राटदारांना जादा कामे सांगितली व त्यापायी ३ कोटी डॉलरहून अधिक खर्चाचा बोजा पडला, असे लेखापरीक्षकांना आढळले. गावातील बंधाऱ्याच्या कामावर सरपंचाने एक सांगावे, अभियंत्याने दुसरे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने तिसरे, अशातलाच हा प्रकार होय.

ह्या एका योजनेसाठी एकंदर ६० कंत्राटे दिलेली होती. कोणी ओळख पटविण्याचा भाग करीत होते, कोणी माहितीची देवाणघेवाण, कोणी विम्याच्या योजनांची यादी. ह्या सर्वांची सांधणी करून संपूर्ण यंत्रणा चालते की नाही हे पाहण्याची जबाबदारी मात्र कोणा एकावर स्पष्टपणे सोपविली नव्हती. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंतची संपूर्ण चाचणी उद्घाटनापूर्वी जेमतेम दोन आठवडे आधी सुरू झाली. अशा कामास काही महिने हवे होते, असे कंत्राटदारांनीच पुढे लोकप्रतिनिधींसमोर सांगितले. त्यात भर म्हणून शेवटी शेवटी एक बदल झाला. विम्याचे दर नुसते पाहावयाचे असले तरी प्रत्येकाने आधी आपले खाते उघडावे, असे ठरले. त्यामुळे सारी गर्दी त्या एकाच दाराशी अडकली. बाजार समितीत भाव विचारावयास आलेल्या प्रत्येकाकडून फाटकावरच ओळखपत्र व दोन साक्षीदार मागितले, तर आत माल कितीही असो, रांग रस्त्यापर्यंतच जावयाची.

दुरुस्ती कशी झाली हेही पाहण्यासारखे आहे, किंबहुना तेच अधिक शिकण्यासारखे आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस जेफ्री झाइंट्स ह्यांच्याकडे देखरेख सोपविण्यात आली आणि आधीच्याच कंत्राटदारांपैकी एकास सर्व कामाचा मुख्य कंत्राटदार नेमून सांधणीची जबाबदारी त्याच्या शिरी बांधण्यात आली. बाहेरून जाणते संगणक अभियंते बोलावले. त्यांना प्रथम आढळले ते हे की, संकेतस्थळ ह्या घटकेस कसे चालले आहे, किती लोक कोणत्या पायरीवर अडकले आहेत, हे दाखविणारी साधी पाटीही यंत्रणेत नव्हती. ती आधी लावण्यात आली. मग रोज सकाळी व सायंकाळी सर्व कंपन्यांच्या माणसांची बैठक सुरू झाली. त्या बैठकीचे दस्तूर कोणत्याही तालुक्याच्या आढावा बैठकीने उचलावेत असे होते. अडचण सोडविण्यासाठी येथे यावे, दोष कोणाचा ते दुसरीकडे ठरवावे. ज्याला त्या बाबीची सर्वांत अधिक माहिती असेल त्याने बोलावे, मग तो हुद्द्याने कितीही लहान असो. आणि पुढील एक-दोन दिवसांत जे बिघडू शकेल त्याचाच विचार करावा. १ डिसेंबरपर्यंत चारशेहून अधिक दोष दूर झाले व एका वेळी ५०,००० माणसे संकेतस्थळावर काम करू शकतील एवढी क्षमता आली. २०१४ च्या वसंत ऋतूपर्यंत केंद्राच्या व राज्यांच्या व्यवस्था मिळून ८० लक्षांवर लोकांनी विमा निवडला होता. जानेवारी २०१४ मध्ये मुख्य काम ॲक्सेंचर ह्या दुसऱ्या कंपनीस दिले गेले. तेही कंत्राट ९ कोटी १० लक्ष डॉलरवरून जूनपर्यंत १७ कोटी ५० लक्षांवर गेले, हे येथे नमूद केलेले बरे. कंत्राटदार बदलला म्हणजे काम स्वस्त होते असे नाही.

आपल्याकडील दाखला आयकर खात्याचा. नवी यंत्रणा इन्फोसिस कंपनीकडून बांधून घेण्याच्या सुमारे ४,२४२ कोटी रुपयांच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१९ मध्ये मान्यता दिली. विवरणपत्र तपासण्यास ६३ दिवस लागत, ते एका दिवसावर आणावयाचे होते. जुने संकेतस्थळ १ जून २०२१ पासून सहा दिवस बंद ठेवून ७ जूनला नवे सुरू केले, आणि लगेच तक्रारींचा ओघ लागला. २१ व २२ ऑगस्टला तर ते बंदच पडले. २३ तारखेस अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारला. विवरणपत्राची मुदत अखेर ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत गेली. येथे एक गोष्ट मात्र नीट झालेली होती. पैसा अनेक वर्षांत विभागून द्यावयाचा असल्याने जून २०२१ पर्यंत केवळ १६४.५ कोटी रुपये अदा झाले होते, म्हणजे सरकारचा हात दगडाखाली नव्हता. चूक दुसरीकडे झाली. नव्या विहिरीला पाणी लागल्याची खात्री पटेपर्यंत जुनी बुजवू नये, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

आता कंत्राटात काय असावे ह्याविषयी. सर्वांत कमी दराची निविदा घेणे भागच आहे, अशी एक समजूत कचेऱ्यांतून आढळते. ती बरोबर नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत सल्लागार नेमताना गुणवत्ता व दर ह्यांना मिळून गुण देण्याची सोय आहे, आणि गुणवत्तेचा वाटा शंभरांत ८० पर्यंत ठेवता येतो. गुणवत्ता म्हणजे रंगीत चित्रांचे सादरीकरण नव्हे. कंपनीने पूर्वी बांधलेले संकेतस्थळ ऐन मुदतीच्या दिवशी उघडून पाहावे, म्हणजे निम्मी परीक्षा होते. एकाच दिवशी किती अर्ज यावयाचे आहेत हा आकडा निविदेत लिहिलेला असावा. तो वर्षाची सरासरी काढून लिहू नये, शेवटच्या तीन दिवसांचा लिहावा. बदल सांगण्याचा अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे, व तोही लेखी असावा. सोर्स कोड म्हणून ओळखली जाणारी मूळ आज्ञावली, संकेतस्थळाचे नाव, आणि सर्व पासवर्ड खात्याच्याच मालकीचे राहतील असे कलम नसेल, तर करार संपल्यावर घर आपले व किल्ली परक्याची, अशी अवस्था होते. केंद्र सरकारच्या संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक सूचना आहेत व त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली आहे. अंध व अपंग व्यक्तींनाही वापर करता यावा आणि सुरक्षिततेची तपासणी मान्यताप्राप्त परीक्षकांकडून व्हावी, हे तीत सांगितलेले आहे. ह्या सूचनांचे नाव निविदेत घालून भागत नाही. त्या पाळल्या गेल्याचे पाहिल्याखेरीज हप्ता देऊ नये.

ह्याहून अवघड भाग जुन्या माहितीचा. नवे संकेतस्थळ कितीही सुबक असले तरी आत भरलेली माहिती सदोष असेल तर तिचा त्रास वाढतोच. पूर्वी कित्येक कचेऱ्यांतून मराठी मजकूर युनिकोड नसलेल्या निरनिराळ्या फॉन्टांत टंकलेला असे. तो नव्या यंत्रणेत तसाच ओतला तर अक्षरांची नुसती खिचडी दिसते. गट क्रमांक १२/३ असा लिहिला तर कोष्टके तयार करणारी काही संगणकीय साधने त्याला तारीख समजून त्याचे १२ मार्च करून टाकतात. क्षेत्रातील ०.४० हेक्टरचे ०.०४ झाले, तर चाळीस आर जमिनीचा धनी चार आरांचा विमा काढून घरी येतो व नुकसानीच्या वेळी त्याला ते कळते.

ह्या बाबतीत महाराष्ट्राच्या महसूल खात्याने योजलेला उपाय जुना व अस्सल देशी होता. राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारा उतारे संगणकावर आणताना हस्तलिखित व संगणकीकृत नोंदींत तफावत राहिली होती. ती काढण्यासाठी २०१७ साली गावोगाव चावडी वाचन घेण्यात आले. नोंदी मोठ्याने वाचून दाखवावयाच्या आणि ज्याची नोंद चुकली असेल त्याने तेथेच सांगावयाचे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून मिळू लागला तो ह्या खटाटोपानंतर. चावडी वाचनातून प्रत्येक चूक निघाली असा दावा कोणी करणार नाही. पण संगणकाच्या कामाची परीक्षा ज्यांचे काम आहे त्यांच्याकडूनच घेतली गेली, हे खरे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचा संबंध येथे येतो. “सर्व्हर डाऊन आहे” एवढ्या तक्रारीतून कंत्राटदारास काही बोध होत नाही, व पळवाट मात्र मिळते. कोणत्या दिवशी, किती वाजता, अर्जाच्या कोणत्या पायरीवर, पडद्यावर कोणता मजकूर आला, हे वहीत टिपून ठेवावे. जमल्यास पडद्याचे छायाचित्र जोडावे. अशा शंभर टिपणांपुढे कोणत्याही कंपनीला सबब सांगता येत नाही.

आणि नव्या संकेतस्थळाची चाचणी मुख्य ठिकाणी संगणकतज्ज्ञांसमोर होण्यापूर्वी एखाद्या आडगावी व्हावी, अशी मागणी वरिष्ठांकडे करावी. त्यासाठी दहा खातेदार निवडावेत, पण सुलभ प्रकरणांचे निवडू नयेत. एकाचा गट क्रमांक तिरप्या रेघेचा व पोटहिश्श्याचा असावा. एकाचे क्षेत्र सामाईक असावे. एक विधवा भगिनी असावी, जिच्या वारसाची नोंद अद्याप व्हावयाची आहे. एकाचे नाव आधार कार्डावर वेगळ्या स्पेलिंगने असावे. एकाच्या बोटांचे ठसे आयुष्यभराच्या राबणुकीने झिजलेले असावेत. एकाजवळ साधा फोन असावा, आणि एकाच्या वस्तीवर रेंज टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नसावी. दहांचेही अर्ज पार पडले, तर काम पुरे झाल्याच्या दाखल्यावर सही व्हावी. नऊच पडले, तर दहावा खातेदार कोणत्या पायरीवर अडला ते लिहून काम कंत्राटदाराकडे परत पाठवावे, व हप्ता तोवर रोखून धरावा.