सोफ्याच्या पोटातली पुडी

२००७च्या सुमारास फिनलंडमधल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे एक कोडं घेऊन रुग्ण येऊ लागले. अंगावर लालभडक, खाजणारे चट्टे, काहींना फोडही आलेले. चट्टे उठत होते ते मुख्यतः पाठ, कुल्ले आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला. मलमं लावली की चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. लाहती शहरातले डॉक्टर टापियो रान्तानेन यांनी पुरळाच्या जागांकडे नीट लक्ष दिलं. माणूस आरामखुर्चीत रेलून बसला की शरीराचे जे भाग टेकतात, तिथेच हा त्रास होता. आणि या रुग्णांच्या घरी चीनहून आलेल्या नव्या खुर्च्या होत्या.

खुर्चीच्या आवरणाचे नमुने तपासले गेले, त्यांतले घटक वेगळे करून रुग्णांच्या त्वचेवर लावून पाहिले गेले. त्यातून एक नाव पुढे आलं : डायमिथाइल फ्युमरेट. २००८मध्ये रान्तानेन यांनी आपले निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तोवर ब्रिटनमध्येही अशाच तक्रारींचा पूर आला होता. तिथे अनेकांवर आधी खरूज किंवा जंतुसंसर्ग समजून उपचार झाले होते. ज्यांना त्रास झाला त्यांत लहान मुलंही होती. दिवसभर अंग खाजून हैराण झालेला माणूस संध्याकाळी विसावा घ्यायला पुन्हा त्याच सोफ्यावर बसत होता.

हे रसायन सोफ्यात आलं कसं? चामडं आणि लाकूड आशियातून युरोपात जातं ते बंद कंटेनरमधून, कित्येक आठवड्यांच्या समुद्रप्रवासानं. कंटेनरच्या आत दमटपणा साठतो आणि चामड्याला बुरशी धरते. बुरशी धरलेला माल दुकानदार परत पाठवतो. ते नुकसान टाळायला काही कारखान्यांनी या पांढऱ्या भुकटीच्या छोट्या पुड्या सोफ्याच्या आत, आवरणाखाली ठेवायला सुरुवात केली. बुटांच्या खोक्यांतही त्या गेल्या. डायमिथाइल फ्युमरेट बुरशी उत्तम रोखतं. पण ते पुडीत बसून राहत नाही. उबेनं त्याची वाफ होते, ती चामड्यात मुरते, आणि बसणाऱ्याच्या अंगाच्या उष्णतेनं कपड्यांतून थेट त्वचेपर्यंत पोचते.

एकदा का शरीरानं त्याला शत्रू मानलं, की मग अगदी कणभर अंशही पुरतो. ही संपर्कातून होणारी ॲलर्जी असते. पहिल्या काही दिवसांत काहीच जाणवत नाही, त्या काळात शरीराची प्रतिकारयंत्रणा या रसायनाची ओळख पक्की करत असते. म्हणूनच सोफा घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी त्रास सुरू व्हायचा आणि सोफ्यावर कुणाचा संशयही जायचा नाही. एका घरात चौघे तोच सोफा वापरत असले, तरी पुरळ एकालाच उठायचं. त्या एकाला घरचेच ‘तुझ्याच अंगात काहीतरी दोष आहे’ असं म्हणाले असतील, तर त्यांना तरी कसं दोषी धरायचं?

हेच रसायन औषधही आहे. जर्मनीत सोरायसिसवर फ्युमरिक आम्लापासून बनलेल्या गोळ्या १९९०च्या दशकापासून दिल्या जातात आणि २०१३मध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावर डायमिथाइल फ्युमरेटला मान्यता मिळाली. म्हणजे दोष रसायनाच्या जातीत नाही. डॉक्टरनं मोजून, रुग्णाला सांगून दिलेली मात्रा वेगळी आणि खुर्चीच्या आवरणाखाली न सांगता ठेवलेली पुडी वेगळी.

या प्रकरणाचा सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग कायद्यात आहे. युरोपात बुरशीनाशक म्हणून डायमिथाइल फ्युमरेट वापरायला परवानगी नव्हतीच. तिथल्या कारखानदारानं आपल्या सोफ्यात ही पुडी ठेवली असती, तर ते बेकायदा ठरलं असतं. पण बाहेर तयार होऊन आलेल्या वस्तूत ते असेल, तर त्याला अडवणारा नियम नव्हता. हजारो माणसांच्या पाठी सोलून निघाल्या त्या एवढ्याशा फटीतून. फ्रान्सनं २००८च्या डिसेंबरमध्ये स्वतःपुरती बंदी घातली, पुढच्याच महिन्यात बेल्जियमनं. मार्च २००९मध्ये संपूर्ण युरोपीय संघासाठी निर्णय झाला आणि १ मेपासून तो लागू झाला. किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त डायमिथाइल फ्युमरेट असलेली वस्तू विकायची नाही, आधीच बाजारात गेली असेल तर परत बोलवायची. ही मर्यादा म्हणजे दहा टन मालात जेमतेम एक ग्रॅम. बुरशीनाशकं वापरून आलेल्या आयात वस्तूंना सरसकट लागू होणारा युरोपीय कायदा मात्र सप्टेंबर २०१३मध्ये अमलात आला.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१०मध्ये उच्च न्यायालयात तडजोड झाली. आर्गोस, लँड ऑफ लेदर आणि वॉल्म्सलीज या विक्रेत्यांचे सोफे घेतलेल्या सुमारे दोन हजार लोकांना मिळून दोन कोटी पौंडांपर्यंत भरपाई देण्याचं ठरलं. त्यांपैकी लँड ऑफ लेदरचा कारभार वर्षभरापूर्वीच बुडाला होता.

पुडी दिसते तरी. चामड्यातलं क्रोमियम दिसतही नाही. जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं, कारण ते काम झटपट होतं आणि चामडं मऊ राहतं. या क्षारांतलं क्रोमियम त्रिसंयुजी असतं आणि ते तुलनेनं निरुपद्रवी आहे. पण कमावण्याची प्रक्रिया ढिसाळ झाली किंवा चामडं उष्ण, कोरड्या जागी पडून राहिलं, तर त्याचा काही भाग षट्संयुजी क्रोमियममध्ये बदलतो. हे दुसरं रूप त्वचेला ॲलर्जी देणारं आहे आणि कारखान्यातल्या कामगारानं ते श्वासावाटे घेतलं, तर कर्करोगाचा धोका असतो. क्रोमियमच्या ॲलर्जीचे रुग्ण वाढत असल्याचं डेन्मार्कमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. सिमेंटमध्ये काम करणारे गवंडी हे त्या ॲलर्जीचे जुने रुग्ण, पण आता चामड्याचे बूट वापरणाऱ्या स्त्रियाही येत होत्या. डेन्मार्कनंच युरोपीय संघापुढे निर्बंधाचा प्रस्ताव ठेवला आणि मे २०१५पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंवर किलोमागे ३ मिलिग्रॅमची मर्यादा आली.

कोल्हापुरी चपलेचं नाव इथे आदरानं घ्यायला हवं. परंपरेनं तिचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. कामाला बरेच दिवस लागतात, पण त्यात क्रोमियम नसतं. २०१९मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी या चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. अर्थात बाजारात या नावानं विकली जाणारी प्रत्येक जोडी तशी कमावलेली असतेच असं नाही, त्यामुळे घेताना विचारून घ्यावं.

आपल्याकडच्या घरांत मात्र जास्त जवळचा प्रश्न फॉर्मल्डिहाइडचा आहे. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफच्या थरांना किंवा भुश्शाला धरून ठेवणाऱ्या स्वस्त डिंकात युरिया आणि फॉर्मल्डिहाइड असतं. नवं कपाट उघडल्यावर नाकात झोंबणारा आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास बहुधा त्याचाच. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो जास्त सुटतो. मुंबई-कोकणातल्या बंद खोल्यांत दोन्ही गोष्टी भरपूर असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. बोर्डवर ‘ई-१’ किंवा ‘ई-०’ असा दर्जा छापलेला असतो, तो किती फॉर्मल्डिहाइड हवेत सुटतं ते सांगतो. आकडा जितका कमी तितकं बरं. सुताराला बोर्ड आणायला सांगताना दर्जाचं नावही सांगावं, नुसती जाडी आणि भाव सांगून भागत नाही. नवं फर्निचर आल्यावर पहिले काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवल्यानं नक्की फरक पडतो.

एक भीती मात्र काढून टाकायला हवी. बुटांच्या खोक्यात किंवा पर्समध्ये मिळणारी, पारदर्शक मण्यांची सिलिका जेलची पुडी वेगळी असते. ती फक्त दमटपणा शोषते. मुलांच्या तोंडात जाऊ नये एवढी काळजी घेतली की पुरे. शंका घ्यावी ती खुणेशिवायच्या, पांढरी भुकटी असलेल्या पुडीची.

नवे बूट किंवा सोफा आल्यावर टेकणाऱ्या जागीच पुरळ उठलं, तर डॉक्टरांना ती वस्तू आवर्जून सांगावी. त्वचेवर पट्ट्या चिकटवून केली जाणारी पॅच टेस्ट मोठ्या रुग्णालयांत होते आणि कारण बऱ्याचदा तीच सांगते. वस्तू फेकून देऊ नये, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवावी, कारण पुरावा तीच आहे. भारताच्या ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या भरपाईसाठी स्वतंत्र प्रकरण आहे आणि जुलै २०२०पासून ते लागू आहे. वस्तू कुणी बनवली हेच कळत नसेल, किंवा बनवणारा भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर असेल, तर तिथे विक्रेत्यालाही जबाबदार धरता येतं. त्यासाठी ग्राहकाच्या हातात दुकानाचं पक्कं बिल लागतं. भाव थोडा कमी करून बिलाशिवाय माल देऊ करणाऱ्या दुकानात ते मागून घ्यावं लागतं.