'धोकादायक' लघुग्रह म्हणजे काय?

लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार अशी बातमी आली, की वऱ्हाडात लोणारची आठवण निघते. ते साहजिक आहे. तिथले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर बेसॉल्टमध्ये (काळ्या पाषाणात) अशाच एखाद्या लघुग्रहाच्या आघाताने झाले. पण 'संभाव्य धोकादायक' म्हटलेला लघुग्रह धडकणारच, हा समज चुकीचा आहे. अंदाजे १४० मीटरहून मोठा आणि ज्याची कक्षा (फिरण्याचा मार्ग) पृथ्वीच्या कक्षेपासून ७५ लाख किलोमीटरच्या आत येते, त्याला हे नाव देतात. अकोला-अमरावती महामार्गाला गावरस्ता छेदतो, एवढ्यानेच अपघात होत नाही; दोन्ही रस्त्यांवरची वाहने एकाच क्षणी चौकात यावी लागतात.

धडकेच्या शक्यतेचा आकडा आधी वाढून मग घसरतो, यामुळे लोक जास्त घाबरतात. '२०२४ वायआर४' हा लघुग्रह २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ टक्क्यांपर्यंत गेली आणि काही दिवसांतच शून्याजवळ आली. निरीक्षणांमुळे संभाव्य मार्गांचा पट्टा अरुंद होतो. पृथ्वी त्यात असेपर्यंत टक्केवारी चढते, बाहेर पडली की कोसळते. ही लपवाछपवी नाही, मोजमाप सुधारल्याची खूण आहे. १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे (भारतीय वेळेनुसार) अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल. तो धडकणार नाही, हे मोजमापांतून निश्चित झाले आहे.