अनुभव वाटा, गोळी नको

निदान लवकर न होणाऱ्या दीर्घ आजारात रुग्णांनी एकमेकांना काय सांगावं आणि कुठे थांबावं?

सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत. दुपारी जरा बरं वाटतं आणि संध्याकाळी अंगातलं बळच निघून जातं. रक्त तपासून झालं, एक्स-रे झाला, एमआरआय झाला, सगळं नॉर्मल. जयसिंगपुरातल्या अशा रुग्णाचा रस्ता ठरलेला असतो. आधी गल्लीतले डॉक्टर, मग सांगली, मग मिरज, कधी कोल्हापूर, शेवटी पुणे. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून हा सारा मुलूख उपचारासाठी मिरजेकडे बघत आला आहे. अवघड शस्त्रक्रिया असो की अडलेलं बाळंतपण, जयसिंगपूरकराला फार लांब जावं लागत नाही. पण ज्या दुखण्याला नावच मिळत नाही, त्याची फाईल जवळच्या दवाखान्यांतही नुसती जाड होत जाते.

मग सल्ले सुरू होतात. कुणी वैदूचा पत्ता देतं, कुणी गुळवेलीचा काढा सुचवतं, कुणी नरसोबाच्या वाडीच्या पौर्णिमा धरायला सांगतं, कुणी आपल्या नणंदेला गुण आलेल्या गोळीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतं. या प्रत्येक सल्ल्यामागे माया असते. अशा आजारात माणसाला माणसांची गरज औषधाइतकीच असते, म्हणून हे बोलणं बंद व्हावं असं कुणीही म्हणू नये. फक्त काय वाटायचं आणि काय नाही, हे आपण ठरवून घ्यायला हवं.

नाव मिळायला वेळ का लागतो?

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते, अशा आजारांचं एक मोठं कुटुंब आहे. आमवात, ल्युपस, थायरॉइडचे काही विकार, कोड हे सगळे त्यातले. त्यांतले बरेच पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतात. आमवातात हे प्रमाण साधारण तीनास एक आहे, ल्युपसमध्ये नवास एक. हे आजार चढतात आणि उतरतात. डॉक्टरांकडे जाण्याच्या दिवशी नेमकी सूज उतरलेली असते. आमवाताच्या बऱ्याच रुग्णांमध्ये र्‍हुमॅटॉइड फॅक्टरची तपासणी निगेटिव्ह येते. उलट ल्युपससाठी केली जाणारी एएनए तपासणी धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येऊ शकते. फायब्रोमायल्जियात सगळं अंग दुखतं, झोप लागूनही थकवा जात नाही, आणि तो पकडणारी रक्ततपासणीच नाही. रक्तक्षय, थायरॉइड, बी-12 आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांतूनही अशीच लक्षणं येतात. त्यामुळे डॉक्टरांना आधी एकेक शक्यता बाजूला काढावी लागते.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने 1996 मध्ये घरोघरी जाऊन सांध्या-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या कार्यक्रमातली ही पाहणी होती. आमवाताचं प्रमाण प्रौढांमध्ये साधारण अर्धा टक्का निघालं. दुखणं सांगणारे मात्र त्याच्या कितीतरी पट होते, आणि त्यांतल्या अनेकांचं दुखणं कुठल्याही ठरावीक आजाराच्या चौकटीत बसेना. म्हणजे नाव नसलेलं दुखणं एकट्यादुकट्याचं नाही, ते गावोगाव आहे. “तुला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत,” असं सुनेला किंवा आईला म्हणण्याआधी घरच्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

रुग्णांच्या वहीने दाखवलेली वाट

अमेरिकेतल्या लाइम या छोट्या गावात पॉली मरे नावाच्या गृहिणीच्या घरात अनेकांचे सांधे सुजत, ताप येई, अंगावर चट्टे उठत. कुणालाच कारण सापडेना. त्या वर्षानुवर्षं नोंदी करत राहिल्या. आसपासच्या मुलांनाही तोच त्रास आहे हे लक्षात आल्यावर 1975 मध्ये त्यांनी सरकारी आरोग्य खात्याला आणि येल विद्यापीठातल्या डॉ. ॲलन स्टीअर यांना गाठलं. त्यातून गोचिडीमुळे पसरणारा लाइम रोग जगासमोर आला आणि काही वर्षांत त्याचा जंतूही सापडला. जंतू प्रयोगशाळेत सापडला हे खरं, पण शोध सुरू झाला तो घरातल्या नोंदींपासून.

‘लाँग कोविड’ हे नावही रुग्णांनीच 2020 मध्ये रूढ केलं. महिनोन्‌महिने न जाणारा थकवा आणि धाप लोक एकमेकांना सांगत राहिले, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेची अधिकृत व्याख्या केली. दीर्घ थकव्याच्या आजारात, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोममध्ये, जोर करून केलेल्या श्रमाची शिक्षा एक-दोन दिवसांनी मिळते. रुग्ण हे सांगत होते, तरी त्यांना ठरलेल्या टप्प्यांनी व्यायाम वाढवायला लावलं जाई. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत तो उपाय देऊ नये असं सांगितलं आणि शक्ती बेताने खर्च करण्यावर भर दिला.

या तिन्ही ठिकाणी रुग्णांनी एकमेकांना औषधं वाटली नव्हती. आपल्याला काय होतं, कधी होतं, कशाने वाढतं, एवढंच त्यांनी एकमेकांसमोर मांडलं. माहिती जमली की तिच्यातला सारखेपणा दिसतो, आणि डॉक्टरांना तोच हवा असतो.

सल्ला जिवावर कधी बेततो

मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं अत्यंत उपयोगी औषध आहे, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. शेजारणीची चिठ्ठी बघून कुणी ते रोज घेतलं तर रक्तपेशी घटतात, तोंडात फोड येतात, जीवही जाऊ शकतो. गरोदरपणात तर ते वर्ज्यच. चिठ्ठीचा फोटो पाठवणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

दुसरा धोका म्हणजे सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं तपासण्यांत पुन्हापुन्हा आढळलं आहे. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून पत्ता गावभर होतो. काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि पुडी एकदम बंद केली तर आणखी घात होतो, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने शरीराने आपलं स्वतःचं तयार करणं कमी केलेलं असतं. कुणी अशी पुडी घेत असेल, तर ती घेऊनच डॉक्टरांकडे जावं. लपवू नये आणि परस्पर सोडूही नये.

गुळवेलीबद्दल 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी इशारा दिला होता. ती घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद त्यांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो, ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटली आहे, त्याने ती वाढवणारा कोणताही काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आपल्या गावात मंडळ

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी स्वतःच्या कोडाच्या अनुभवातून ‘श्वेता असोसिएशन’ उभी केली. तिथे उपचारांची माहिती मिळतेच, शिवाय वधू-वर मेळावेही होतात, कारण कोड असलेल्या माणसाचं मोठं दुःख लग्नाच्या बैठकीत असतं. पुण्याच्याच पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे नियमित भेटतात. यासाठी मोठी इमारत लागत नाही. ज्या जयसिंगपुरात बचत गट आणि भिशी चालते, तिथे महिन्यातून एकदा दहा माणसं एकत्र बसणं अवघड नाही.

नियम थोडेच, पण पक्के हवेत. ‘मला असं झालं’ असं बोलावं, ‘तुम्ही हे घ्या’ असं नको. बैठकीत औषध किंवा पूरक आहार विकणाऱ्याला प्रवेश नको. अधूनमधून मिरज-सांगलीच्या तज्ज्ञांना बोलवावं. श्रद्धेने कुणी वाडीला जात असेल तर जावं, मात्र चालू औषध सोडून नको.

प्रत्येकाने एक साधी वही ठेवावी. झोप किती झाली, दुखणं दहापैकी किती, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकला, कोणता सांधा सुजला, आदल्या दिवशी काय काम केलं, पाळी केव्हा आली, कोणती गोळी चुकली. ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून जास्त टिकत असेल, तर तो सूज असलेल्या संधिवाताकडे बोट दाखवतो. सूज आली त्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ओपीडीत मिळणाऱ्या पाच मिनिटांत ही दोन पानं जाड फाईलपेक्षा जास्त बोलतात. काही लक्षणांना मात्र पुढच्या बैठकीपर्यंत थांबता येत नाही. सतत ताप, घटणारं वजन, शौचातून रक्त, हातापायातली ताकद जाणं, धाप लागणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठावा.

अशा मंडळात सगळ्यांचा आजार बरा होईलच असं नाही. पण काम कसं विभागायचं, सणावाराला पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं, गोळीने मळमळलं तर डॉक्टरांना काय विचारायचं, नवऱ्याला आपला थकवा कसा समजावायचा, हे ज्याने भोगलं आहे तोच नीट सांगू शकतो. हे ज्ञान कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही, आणि ते दिल्याने कुणाचं नुकसानही होत नाही. ते मोकळ्या हाताने द्यावं. औषध ठरवायचं काम ज्याने नाडी, रक्त आणि वही तिन्ही पाहिली आहेत त्याच्यावर सोडावं.